माडीवरची गिटार : दुरुस्त करावी की विकावी?

वरणगावच्या बाजारपेठेतील एखादे जुने घर डोळ्यांसमोर आणावे. खाली पेढी, मागे कोठार, वर माडी. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक लांबट काळी पेटी खाली उतरते. कुलपाची किल्ली कधीच हरवलेली. कडी जरा ओढताच निघते. आत विद्युत गिटार. पांढरा रंग पिवळसर पडला आहे, तारा गंजल्या आहेत, सहांपैकी एक खुंटी मोडली आहे. ही काकाजींची. काकाजी अविवाहित राहिले, आयुष्यभर थोरल्या भावासोबत गादीवर बसले. आता ते नाहीत. घरात त्यांची एवढीच एक वस्तू अशी की जिचा दुकानाशी काही संबंध नव्हता.

संध्याकाळपर्यंत घरात तीन मते तयार होतात. धाकटा मुलगा मोबाईलवर परदेशातील लिलावांचे आकडे पाहतो आणि म्हणतो, ‘विकून टाकू, पडून राहून काय उपयोग?’ थोरला म्हणतो, ‘नवा रंग देऊ आणि दिवाणखान्यात लावू, काकाजींची आठवण राहील.’ नात विचारते, ‘ती वाजेल का?’ बाबूजी, म्हणजे काकाजींचे थोरले भाऊ, काहीच बोलत नाहीत.

हे घर कल्पनेतले आहे, पण त्यातील प्रश्न खराच आहे. जुनी वस्तू वारशाने येते तेव्हा तिच्यासोबत दोन किमती येतात : एक बाजाराची, दुसरी घराची. व्यापारी कुटुंबाला पहिली काढता येते. दुसरी काढण्याची सवय नसते, म्हणून निर्णय घाईने होतो. दुरुस्तीच्या नावाखाली वस्तूचे नुकसान करून बसणे किंवा अंदाजाने विकून नंतर पस्तावणे, हे दोन्ही अशा घाईतूनच घडते.

अशी गिटार येथे येते कशी?

विद्युत गिटार आणि खान्देश हा मेळ प्रथम विजोड वाटेल. परंतु वरणगावच्या पश्चिमेला भुसावळ हे मोठे रेल्वे जंक्शन आहे. तेथील रेल्वे वसाहतीत अँग्लो-इंडियन कुटुंबे राहत आणि त्यांच्या घरी पाश्चात्त्य वाद्ये असत. वरणगावला १९६४ मध्ये आयुधनिर्माणी आली आणि तिच्याबरोबर देशाच्या निरनिराळ्या भागांतील कामगार व अधिकारी आले. मुंबई रेल्वेने एका रात्रीची वाट. शिक्षणासाठी किंवा मालाच्या खरेदीसाठी मुंबईला गेलेल्या एखाद्या तरुणाने तेथून गिटार आणली असेल, तर त्यात नवल नाही. धोबी तलावाजवळचे फुर्ताडो हे वाद्यांचे दुकान तर १८६५ पासूनचे.

शिवाय त्या काळाच्या कानांना गिटार परकी नव्हती. पुणतांब्यात जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांनी १९४०च्या दशकातच हिंदी चित्रपटसंगीतात पाश्चात्त्य वाद्यांना मोठे स्थान दिले होते. लखनौचे व्हॅन शिप्ली हे विद्युत गिटारवर चित्रपटगीतांच्या धुना वाजवीत. त्यांच्या तबकड्या घरोघरी गेल्या. ‘कर्ज’ या १९८० च्या चित्रपटाची तर कथाच गिटारवरील एका सुरावटीभोवती फिरते. ती सुरावट ऐकून नायकाला मागील जन्म आठवू लागतो. ती वाजविणारे हात होते गोरख शर्मा यांचे. ते संगीतकार प्यारेलाल यांचे बंधू.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जगात विक्रीस आलेली पहिली विद्युत गिटार ही मांडीवर आडवी ठेवून, पोलादी कांडी तारांवर सरकवत वाजविण्याची हवाईयन गिटार होती. जॉर्ज बोशाँ व ॲडॉल्फ रिकेनबॅकर यांची ती ॲल्युमिनियमची गिटार १९३२ मध्ये बाजारात आली. तिच्या आकारावरून तिला ‘तळणीचा तवा’ असेच नाव पडले. हाच हवाईयन प्रकार भारतात लोकप्रिय झाला. जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा यांनी मांडीवरच्या गिटारवर रागसंगीत मांडले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत संतूर व बासरीच्या जोडीला त्यांची गिटार आहे. तेव्हा माळ्यावरून उतरलेल्या गिटारच्या तारा पट्टीपासून बऱ्याच उंच दिसल्या, तर ती बिघडली असे समजू नये. काकाजी कदाचित हवाईयन पद्धतीने वाजवीत असतील.

कॉर्कच्या एका भावाची गोष्ट

वारशाने आलेल्या गिटारचे काय करावे, या प्रश्नाचे एक नमुनेदार उदाहरण आयर्लंडमध्ये घडले आहे. कॉर्क शहरात १९६३ मध्ये रॉरी गॅलाघर नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाने क्राउली यांच्या दुकानातून १९६१ ची एक वापरलेली फेंडर स्ट्रॅटोकास्टर घेतली. किंमत शंभर पौंडांच्या आसपास, आणि तीही हप्त्यांनी. साध्या घरातील मुलाने एवढे कर्ज घेणे ही मोठी जोखीम होती. पुढे रॉरी जगप्रसिद्ध वादक झाला, पण ही गिटार त्याने सोडली नाही. एकदा डब्लिनमध्ये ती चोरीस गेली आणि काही दिवसांनी सापडली. वर्षानुवर्षांच्या घामाने तिचा रंग बहुतेक सगळा उडाला व आतील लाकूड उघडे पडले.

रॉरीने तिची दुरुस्ती केली नाही असे नाही. फ्रेट झिजले तेव्हा नवे बसविले, खुंट्या बदलल्या, घाम मुरून मान वाकली तेव्हा ती काढून वाळू दिली आणि पुन्हा जोडली. वाजण्यासाठी जे आवश्यक ते सर्व त्याने केले. फक्त रंग दिला नाही. आज त्या गिटारची ओळख सांगणारे जर काही असेल, तर तो उडालेला रंगच.

रॉरी १९९५ मध्ये निवर्तला. गिटार भाऊ डोनल याच्याकडे आली. तो केवळ भाऊ नव्हता, रॉरीचा व्यवस्थापकही होता. त्याने ती जवळजवळ तीस वर्षे सांभाळली. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनमधील बोनहॅम्स या लिलावगृहात ती विक्रीस काढली. विकण्याचा निर्णय जाहीर होताच आयर्लंडमध्ये हळहळ व्यक्त झाली. ती देशाबाहेर जाऊ नये म्हणून मागणी झाली. बोली ७ लाख पौंडांवर थांबली. लिलावगृहाचे शुल्क धरून घेणाऱ्याला ती ८ लाख ८९ हजार ४०० पौंडांना पडली. घेणारी आयर्लंडमधील एक संगीतसमारंभ आयोजित करणारी कंपनी होती आणि तिने गिटार आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयास देण्यासाठीच घेतली होती.

या हकिकतीत व्यापारी वाचकाने तीन गोष्टी टिपून घ्याव्यात. पहिली, भावाने घाई केली नाही. दुसरी, वस्तूचे मोल तिच्या चकाकीत नव्हते, तिच्या खरेपणात होते. तिसरी, घेणाऱ्याने मोजलेली रक्कम आणि थांबलेली बोली यांत १ लाख ८९ हजार पौंडांचे अंतर आहे. वर्तमानपत्रांत झळकतो तो पहिला आकडा. विकणाऱ्याच्या हाती येणारी रक्कम बोलीवरून ठरते आणि तिच्यातूनही विक्रेत्याकडून घ्यावयाचे शुल्क वजा होऊ शकते.

आधी ओळख, मग मोल

अर्थात प्रत्येक जुनी गिटार म्हणजे रॉरीची गिटार नव्हे. जुनेपणाला आपोआप किंमत येत नाही, हे जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. गिब्सन कंपनीच्या १९५८ ते १९६० या काळातील लेस पॉल स्टँडर्ड गिटारींचे उदाहरण पाहावे. त्या सुमारे दीड हजारच बनल्या. तेव्हा खप बेताचा, म्हणून कंपनीने तो नमुना बंद केला. पुढच्या दशकात नामवंत वादकांनी त्याच गिटारी हाती घेतल्या, मागणी वाढली आणि पुरवठा मात्र तेवढाच राहिला. आज तशी एक अस्सल गिटार लाखो डॉलरांना जाते. म्हणूनच तिच्या नकलाही पुष्कळ निघाल्या. त्याच काळात जपान, जर्मनी, इटली, चेकोस्लोव्हाकिया आणि पुढे भारतातही बनलेल्या अनेक गिटारींना बाजारात माफकच भाव मिळतो. घरासाठी त्या कितीही मोलाच्या असोत, दुरुस्तीचा खर्च विक्रीतून निघेलच असे नाही.

त्यामुळे पहिले काम म्हणजे काहीही न करणे. पुसू नये, तारा ओढून काढू नयेत, स्क्रू फिरवू नयेत. पेटीसह सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. डोक्यावरचे नाव, मानेवर किंवा मागील धातूच्या पट्टीवर असलेला अनुक्रमांक लिहून घ्यावा. पेटीच्या खणात सापडलेली पावती, तारांचे पाकीट, पट्टा, सुट्टा स्क्रू यांतील काहीही टाकू नये. दुकानाच्या जुन्या वह्या असतील तर त्या साली घरखर्चात काही नोंद आहे का, तेही पाहावे. मुंबईच्या खरेदीची एक ओळ सापडली, तर तिची किंमत शंभर तोंडी हकिकतींपेक्षा अधिक असते.

अनुक्रमांकावर पूर्ण विसंबता येत नाही. गिब्सनने १९६०च्या दशकात तेच क्रमांक पुन्हा पुन्हा वापरले. जाणकार कारागीर गिटार उघडून आत पाहतो. फेंडरच्या मानेच्या टोकाला, जेथे ती चार स्क्रूंनी अंगाला जोडलेली असते, तेथे जुन्या गिटारींवर बहुधा तारीख लिहिलेली किंवा शिक्का मारलेला असतो. आवाज कमीजास्त करण्याच्या बटणाखालील पोटेन्शिओमीटरवर आकडे कोरलेले असतात. उदाहरणार्थ १३७६६३३ असा आकडा असेल, तर १३७ हा तो भाग बनविणाऱ्याचा संकेतांक, ६६ म्हणजे १९६६ साल आणि ३३ म्हणजे त्या वर्षाचा तेहतिसावा आठवडा. सुट्टा भाग काही काळ कोठारात पडून राहू शकतो. म्हणून यावरून गिटार त्या तारखेच्या आधीची नाही एवढेच सिद्ध होते. शिवाय तो भाग मूळचा आहे की नंतर बदललेला, हे सोल्डरचे जुने डाग पाहून ठरवावे लागते.

दुरुस्ती वेगळी, नूतनीकरण वेगळे

थोरल्या मुलाचा विचार प्रेमाचा आहे, पण सर्वांत धोक्याचाही आहे. जुन्या मौल्यवान गिटारचा मूळ रंग खरवडून नवा दिला, तर बाजारात तिची किंमत साधारण निम्म्यावर येते. रंग पिवळा पडणे, त्यावर बारीक भेगा उमटणे हे जुन्या नायट्रोसेल्युलोज लाखेचे स्वाभाविक वय आहे. जुन्या नाण्याला चिंच लावून घासणाऱ्याला सराफ जे सांगतो, तेच येथे सांगावे लागते. एकदा गेलेले मूळ पुन्हा आणता येत नाही.

मग करावे काय? वाजण्यासाठी आवश्यक तेवढेच, आणि शक्य तेथे पुन्हा पूर्ववत करता येईल असे. गंजलेल्या तारा काढून नव्या लावणे, मोडलेली खुंटी त्याच मापाची बसविणे, मानेच्या आतील पोलादी सळई अगदी थोडी फिरवून बाक सुधारणे, झिजलेल्या फ्रेटची पातळी एकसारखी करणे, तुटलेली वायर जोडणे, खरखरणारी बटणे स्वच्छ करणे. काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून, चिठ्ठी लावून पेटीतच ठेवावा. तारांखालचे पिकअप मात्र सहज बदलू नयेत. चुंबकावर केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घालून ते बनवितात आणि त्या गिटारचा विशिष्ट आवाज बराचसा त्यांतूनच येतो. वेढ्यातील तार तुटली असेल, तर मूळ चुंबक ठेवून ते पुन्हा गुंडाळून देणारे कारागीर असतात.

महाराष्ट्राला ही दृष्टी नवी नाही. मिरजेचे सतारमेकर पिढ्यानपिढ्या जुन्या सतारी व तंबोरे दुरुस्त करीत आले आहेत. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याची जवारी झिजली की ती घासून पुन्हा काढतात, भोपळ्याला चीर गेली तर सांधतात. परंतु आजोबांचा तंबोरा ‘नवा दिसावा’ म्हणून कोणी त्याच्यावरचे नक्षीकाम खरवडत नाही. विद्युत गिटारची तांत्रिक कामे निराळी, ती त्यातल्या कारागिराकडेच न्यावीत. शिस्त मात्र तीच.

जैन घरात आणखी एक विचार येतो. जुन्या वाद्यांत प्राणिजन्य पदार्थ असतात. गिब्सनसारख्या कंपन्या मान चिकटविण्यासाठी कातड्यापासून केलेला सरस वापरीत. तारा ज्या खाचांवर टेकतात तो नट अनेकदा हाडाचा असतो. काही महागड्या गिटारींच्या पट्टीवर शिंपल्याची नक्षी असते. पट्टा बहुधा चामड्याचा. फेंडरची मान स्क्रूने जोडलेली असल्याने तिच्या जोडात सरस नसतो. दुरुस्तीस देताना हे स्पष्ट सांगता येते : नट बदलावा लागला तर कृत्रिम पदार्थाचा बसवावा, पट्टा सुती किंवा नायलॉनचा घ्यावा, सांधा निघाला असेल तर पर्यायी गोंदाविषयी कारागिराशी आधी बोलावे. एक तडजोड येथे उघडपणे मान्य केली पाहिजे. उद्या विकायचीच असेल, तर मूळ हाडाचा नट काढल्याने संग्राहकाच्या नजरेत ती किंचित उणी ठरेल. सुस्थितीत असलेला भाग केवळ मनाच्या समाधानासाठी उपटावा की आहे तसा राहू द्यावा, हे त्या घराने ठरवायचे.

खान्देशच्या हवामानाचाही विचार हवा. भुसावळ परिसरात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो आणि पावसाळ्यात हवा दमट होते. पत्र्याखालच्या माळ्यावर लाकूड आकसते, फुगते, मान वाकते. गिटार घराच्या आतल्या, सावलीच्या खोलीत, तारा थोड्या सैल करून, पेटीत ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवून जपावी. पेटी जमिनीवर किंवा भिंतीला चिकटून ठेवू नये. मधूनमधून उघडून पाहावी. वाळवी लागल्यावर औषध मारण्यापेक्षा ती लागूच न देणे सर्वच दृष्टींनी चांगले.

विजेच्या बाबतीत उतावीळपणा नको

नातीच्या ‘वाजेल का?’ या प्रश्नावर घरातील उत्साही मंडळी पहिली कृती करतात ती जुन्या ॲम्प्लिफायरची पिन सॉकेटमध्ये घालण्याची. ती करू नये. अमेरिकेत विकण्यासाठी बनलेला ॲम्प्लिफायर सुमारे १२० व्होल्टसाठी असतो. आपल्याकडील २३० व्होल्टवर तो थेट लावला तर जळतो. जुन्या नळ्यांच्या म्हणजे व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये आत तीनशे-चारशे व्होल्टचा दाब असतो. पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ साठून राहतो. पुष्कळ जुन्या ॲम्प्लिफायरना दोनच काड्यांची पिन असते, अर्थिंग नसतेच. गिटारच्या तारा आतून अर्थिंगच्या वायरीला जोडलेल्या असल्याने ॲम्प्लिफायरमधील दोष थेट वादकाच्या बोटांपर्यंत पोहोचतो. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे लेस्ली हार्वी हा तरुण गिटारवादक अर्थिंग नसलेल्या ध्वनिक्षेपकाला हात लागताच रंगमंचावरच मरण पावला. जाणकाराने तपासून, अर्थिंगची तीन काड्यांची पिन बसवून दिल्याखेरीज जुने यंत्र सुरू करू नये. नात वाजविणार असेल, तर एक लहान नवा ॲम्प्लिफायर घेणे स्वस्त आणि निर्धोक.

विकायचे ठरले तर

धाकट्या मुलाचा विचारही तुच्छ मानण्याचे कारण नाही. ज्या घरात कोणी वाजविणार नाही, सांभाळणार नाही, तेथे चांगले वाद्य वाळवीच्या स्वाधीन करण्यापेक्षा वाजविणाऱ्याच्या हाती गेलेले बरे. केवळ ‘आपले आहे’ म्हणून संग्रह करीत राहणे हा काही वारशाचा आदर नव्हे.

परंतु विकण्याआधी एक साधा प्रश्न असतो, जो घाईत सुटतो : ही गिटार नेमकी कोणाची? हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ जैनांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता निवर्तलेल्या, पत्नी व अपत्ये नसलेल्या आणि आईवडीलही हयात नसलेल्या पुरुषाची मालमत्ता अशा स्थितीत भाऊ आणि बहीण यांना समान वाट्याने जाते. म्हणजे आपल्या कल्पनेतील घरात ज्या दोघा मुलांत वाद चालला आहे, त्यांचा त्या गिटारवर हक्कच नाही. हक्क आहे तो बाबूजींचा आणि धुळ्यास दिलेल्या आत्यांचा, निम्मा-निम्मा. आत्यांना न विचारता केलेली विक्री कायद्याने चूक आणि नात्याने त्याहून मोठी चूक. त्यांनी आपला वाटा सोडला, तर तेही लिहून घ्यावे; लहान रकमेवरून उद्भवलेले मनोमालिन्य मोठ्या वाटणीपेक्षा अधिक काळ टिकते.

करांच्या दृष्टीने वारसा मिळाला म्हणून कर लागत नाही. मालमत्ताशुल्क १९८५ मध्येच रद्द झाले. व्यक्तिगत वापराची जंगम वस्तू भांडवली मालमत्तेत धरली जात नाही, मात्र दागदागिने, चित्रे, शिल्पे, पुरातत्त्वीय संग्रह व कलाकृती यांना ही सूट नाही. गिटार सामान्यतः पहिल्या वर्गात बसते. तरीही रक्कम मोठी असेल, तर आपल्या सनदी लेखापालाचे मत आधी घ्यावे. दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही, हेही विसरू नये.

परदेशी ग्राहक मिळाला तर लाकूड आडवे येऊ शकते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होणारी पुरावस्तू कायद्याची निर्यातबंदी येथे लागत नाही, कारण विद्युत गिटारच्या जन्माला अद्याप शंभर वर्षे झालेली नाहीत. पण १९६०च्या दशकापर्यंतच्या अनेक अमेरिकी गिटारींची पट्टी ब्राझिलियन शिसवाची असते. हे लाकूड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय ‘सायटिस’ कराराच्या सर्वांत कडक सूचीत आहे. ते लाकूड असलेले जुने वाद्यही विक्रीसाठी सीमेपार पाठवायचे, तर प्रमाणपत्र लागते. भारतीय शिसवाची पट्टी असलेल्या तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीपासून अशा कागदपत्रांतून सूट आहे. कोणते लाकूड आहे, हे जाणकाराकडून लिहून घ्यावे.

आणि भाव सांगताना एकाच ग्राहकाच्या शब्दावर जाऊ नये. जो विकत घेणार आहे, त्यानेच केलेले मूल्यमापन हे मूल्यमापन नसते. तिऱ्हाईत कारागिराला त्याचे शुल्क देऊन लेखी अहवाल घ्यावा. दोन ठिकाणी विचारावे. दुरुस्तीचा अंदाजही त्याच कागदावर मागावा. मग दोन आकडे शेजारी मांडता येतात : आहे त्या स्थितीत किती आणि वाजती केल्यावर किती. दुसऱ्यातून दुरुस्तीचा खर्च वजा जाता पहिल्यापेक्षा अधिक उरत नसेल, तर विकण्यासाठी दुरुस्ती करण्यात अर्थ नाही. घरात वाजविण्यासाठी करायची असेल, तर मग तो खर्च व्यापाराच्या नव्हे, संसाराच्या खात्यावर लिहावा.

तिसरी वाट

दुरुस्ती आणि विक्री यांच्यापलीकडेही मार्ग आहेत. पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाचे डेव्हिड गिलमोर यांनी २० जून २०१९ रोजी न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज लिलावगृहात आपल्या सव्वाशेच्या आसपास गिटारी विकल्या. त्यांतील काळी स्ट्रॅटोकास्टर एकटीच ३९ लाख ७५ हजार डॉलरांना गेली. एकूण रक्कम २ कोटी १४ लाख डॉलरांहून अधिक झाली. ती सगळी त्यांनी पर्यावरणरक्षणासाठी कायदेशीर लढा देणाऱ्या क्लायंटअर्थ या संस्थेस दिली. वस्तू गेली, पैसाही स्वतःकडे ठेवला नाही.

पुण्यात दिनकर केळकर यांनी उलट मार्ग घेतला. लहानपणी वारलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी दिवे, अडकित्ते, वाद्ये अशा रोजच्या वापरातील हजारो वस्तू जमविल्या आणि १९७५ मध्ये तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पिढ्यानपिढ्या जे हात त्या वस्तूंनी पाहिले, त्यांची आठवण आज कोणालाही जाऊन पाहता येते.

सामान्य घरातील सामान्य गिटारसाठी एवढे मोठे दालन उघडणार नाही. पण गावातील शाळेला, संगीत शिकविणाऱ्या शिक्षकाला किंवा ज्याला वाद्य घेणे परवडत नाही अशा एखाद्या शिकणाऱ्या मुलाला ती वाजती करून देता येते. कायमची द्यायची नसेल, तर पाच वर्षांसाठी, काळजीच्या अटी लिहून, वापरास देता येते. आणि घरातच नात शिकणार असेल, तर प्रश्न बराचसा सुटतो. तिने आधी सहा महिने साध्या गिटारवर शिकावे. हौस टिकली, तर काकाजींच्या गिटारच्या दुरुस्तीला तोपर्यंत कारागीरही मिळालेला असेल.

पहिले पाऊल

आता पुन्हा वरणगावच्या त्या माडीवर यावे. पेटी उघडी आहे, दोघे भाऊ आकडे काढीत आहेत. अशा वेळी सर्वप्रथम करण्याजोगी गोष्ट ना कारागिराकडे जाण्याची, ना ग्राहक शोधण्याची. बाबूजींनी धुळ्याला बहिणीस फोन लावावा. हक्काच्या दृष्टीने तो आवश्यक आहेच. पण त्याहून मोठे कारण असे की, त्या वेळी घरात असलेली आणि आज हयात असलेली ती दुसरी व्यक्ती आहे. काकाजींनी गिटार कोणत्या साली आणली, कोणाकडून, कितीला, घरी कोणाचा विरोध होता, ते शेवटचे कधी वाजवीत होते आणि पेटी माळ्यावर कोणी चढविली, हे तिला ठाऊक असेल. ती सांगत असताना नातीने ते वहीत उतरवून घ्यावे, तारीख घालावी, आणि आत्यांनी पुढच्या भेटीत खाली सही करावी.

गिटार विकली, तर तो कागद तिच्यासोबत जाईल आणि घेणाऱ्याच्या लेखी तिचे मोल वाढवील. ठेवली, तर तो पेटीत राहील. निर्णयासाठी घराने एक मुदत ठरवावी; पुढच्या दिवाळीच्या वहीपूजनापर्यंतची पुरे आहे. तोवर तारा सैल, पेटी आतल्या खोलीत, आणि रंगाच्या डब्याला कोणी हात लावायचा नाही.